राउटरचे फर्मवेअर अद्ययावत करताना अडले, तर काय करावे?

महाराष्ट्राच्या सीमेला लागून मध्य प्रदेशात पांढुर्णा आणि सौंसर हे दोन मराठीभाषक तालुके आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भातील जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याच्याबरोबर हे तालुकेही राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. संत्र्यांच्या बागा आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार यांमुळे हा मुलूख बाहेर ओळखला जातो. घरात मराठी, शाळेत व कचेरीत हिंदी आणि राउटरच्या पडद्यावर इंग्रजी, अशी येथील कुटुंबाची तिहेरी भाषिक व्यवस्था आहे. डिचोली, पेडणे किंवा फोंड्याकडील वाचकाला ती परकी वाटणार नाही. पावसाळ्यात जाणारी वीजही दोन्हीकडे सारखीच.

घराच्या कोपऱ्यात लुकलुकणारा वायरलेस राउटर चालू असतो तोवर त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो बंद पडला की मात्र बरेच काही एकदम थांबते. संत्र्याचा नागपूरचा भाव, खसऱ्याची नक्कल, मुलांचे परीक्षेचे अर्ज, बँकेचे व्यवहार आणि पुण्या-नागपुरात नोकरी करणाऱ्या मुलाशी रात्री होणारे बोलणे, हे सर्व त्या एका डबीतून जाते. कंपनीचे सेवा केंद्र म्हटले की येथून अनेकदा नागपूरकडेच पाहावे लागते. त्यामुळे फर्मवेअर अद्ययावत करण्याची सूचना पडद्यावर आली की पुष्कळ घरांत ती बंद केली जाते. चालते आहे ते चालू द्यावे, हा विचार समजण्याजोगा असला तरी तो धोक्याचा आहे.

फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आतील फ्लॅश मेमरीत कायमचे लिहिलेले संचालन सॉफ्टवेअर. राउटर हा एक छोटा संगणकच असून त्याची कार्यप्रणाली म्हणजे फर्मवेअर होय. त्यात सापडलेल्या सुरक्षाविषयक त्रुटी बुजवण्यासाठी उत्पादक वेळोवेळी नवी आवृत्ती प्रसिद्ध करतात. मे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाचा घातक प्रोग्राम उघडकीस आला. ५४ देशांतील किमान ५ लाख उपकरणे त्याने बाधित केली होती, आणि त्यांत लिंकसिस, नेटगिअर, टीपी-लिंक व मायक्रोटिक यांचे घरगुती व लहान कार्यालयांतील राउटर होते. अमेरिकेच्या एफबीआयने त्या वेळी राउटर बंद करून पुन्हा सुरू करावेत, असे आवाहन नागरिकांना केले होते. भारतातील अनुभव त्याच्या एक वर्ष आधीचा आहे. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एका हल्ल्यात निकामी झाले. कारखान्यातून आलेला ‘ॲडमिन’ हाच परवलीचा शब्द अनेक मोडेममध्ये तसाच राहिला होता आणि हल्लेखोराला तेवढी फट पुरली. म्हणून अद्ययावतीकरण आणि परवलीच्या शब्दाचा बदल ही दोन कामे एकाच बैठकीत उरकावीत.

आधी उपकरण कोणाचे, हे पाहावे

अडचणीचे निवारण करू पाहणारे बहुतेक जण येथेच चुकतात. फायबरची जोडणी घेताना सेवादाता जी पांढरी वा काळी डबी भिंतीवर लावून देतो तिला ओएनटी म्हणतात. बहुधा वायफायही तीच पुरवते. दिसायला ती राउटरसारखीच असली तरी तिचे फर्मवेअर सेवादात्याच्या ताब्यात असते. टीआर-०६९ नावाच्या दूरस्थ व्यवस्थापन पद्धतीने कंपनी आपल्या केंद्रातून त्यावर नवी आवृत्ती चढवते. अशा उपकरणात अद्ययावतीकरणाचा पर्याय ग्राहकाला दिसतच नाही, किंवा दिसला तरी तो वापरण्याची अनुमती नसते. त्याच बनावटीच्या उपकरणाची फाइल इंटरनेटवर कोठेतरी सापडली म्हणून ती येथे चढवू नये. सेवादात्याने आपल्या जाळ्यासाठी त्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार केलेले असतात. मूळ उत्पादकाची फाइल चढली तर ओएनटी वायफाय देत राहील, परंतु फायबरच्या टोकाशी तिचा संवाद तुटण्याची शक्यता राहते.

येथे ग्राहकाच्या हाती एकच काम उरते, ते तक्रारीचे. उपकरण रात्री आपोआप बंद-चालू होते, अद्ययावतीकरणानंतर वेग घटला आहे, किंवा लाल दिवा जात नाही, असे नेमके लक्षण सांगून तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक मागून घ्यावा. ट्रायच्या २०१२ च्या विनियमांनुसार तक्रारीचे समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. त्या वेळी हा क्रमांक हाताशी लागतो. लहान गावांत जोडणी देणारा स्थानिक केबलवाला ओळखीचा असतो आणि काम तोंडी सांगण्यावर भागते. तरीही क्रमांक घ्यावाच.

बाजारातून स्वतः विकत घेऊन ओएनटीला जोडलेला राउटर असेल, तर पुढील सर्व माहिती त्याला लागू होते.

लेबल वाचल्याशिवाय फाइल उतरवू नये

राउटर उलटा करून त्याच्या पोटावरील लेबल वाचावे. त्यावर प्रतिमानाचे नाव असते आणि त्याच्याजवळ हार्डवेअरची आवृत्ती छापलेली असते. टीपी-लिंकच्या राउटरवर ती ‘व्ही २’, ‘व्ही ५’ अशी, तर डी-लिंकच्या राउटरवर ‘ए१’, ‘बी१’ अशी आढळते. एकाच नावाने विकल्या गेलेल्या दोन राउटरच्या आत अगदी वेगळी चिप आणि वेगळी मेमरी असू शकते. म्हणून नाव जुळणे पुरेसे नसते, आवृत्तीही जुळावी लागते. याशिवाय भारत, युरोप, अमेरिका अशा प्रदेशांनुसारही फर्मवेअर वेगळे असते. नातेवाइकांनी परदेशातून आणलेल्या राउटरला भारतीय संकेतस्थळावरील फाइल चालत नाही, ती याच कारणाने. गोव्यातील ज्या घरांत आखातातून किंवा पोर्तुगालहून आलेल्या वस्तू असतात तेथे हे विशेष लक्षात ठेवावे.

फाइल केवळ उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावी. ती बहुधा झिप स्वरूपात उतरते आणि ती उघडून आतील मूळ फाइल राउटरला द्यायची असते. झिप तशीच दिल्यामुळे ‘फाइल अवैध आहे’ असा संदेश येणे हे सर्वांत सामान्य कारण आहे. या संदेशाने घाबरून जाण्याचे काही प्रयोजन नाही. फाइल आपल्यासाठीच आहे का, ती अखंड उतरली आहे का, हे राउटर लेखन सुरू करण्यापूर्वीच तपासतो. त्याने फाइल नाकारली, याचा अर्थ जुने फर्मवेअर जागच्या जागी सुरक्षित आहे. झिप उघडली होती का, आवृत्ती व प्रदेश जुळतो का, हे पाहून फाइल पुन्हा उतरवावी. फार जुन्या फर्मवेअरवरून थेट नवीनतम आवृत्तीवर उडी मारता येत नाही आणि मधली एखादी आवृत्ती आधी चढवावी लागते, असेही काही प्रतिमानांच्या बाबतीत असते. उत्पादक तशी सूचना फाइलच्या शेजारीच देतो, पण ती वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

राउटरच्या पानावरील ‘अद्ययावत आवृत्ती शोधा’ हे बटण दाबल्यावर सर्व्हर सापडत नाही, असे उत्तर आले तर एक अनपेक्षित कारण तपासावे. बहुतेक घरगुती राउटरमध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. वीज जाऊन आली की त्यांची तारीख कित्येक वर्षे मागे, कधीकधी १९७० सालापर्यंत जाते. इंटरनेटवरून वेळ मिळाली नाही तर सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे त्या चुकीच्या तारखेला वैध ठरत नाहीत आणि राउटर उत्पादकाच्या सर्व्हरवर विश्वास ठेवण्यास नकार देतो. प्रणाली विभागात जाऊन तारीख व भारतीय प्रमाणवेळ योग्य लावली की हा दोष पुष्कळदा नाहीसा होतो. शिवाय हे बटण ‘आपले फर्मवेअर अद्ययावत आहे’ असे सांगत असले तरी त्यावर पूर्ण विसंबू नये. संकेतस्थळावर जाऊन आवृत्तीचा क्रमांक एकदा स्वतः ताडून पाहावा.

वीज आणि वाट पाहणे

खरा धोका एकाच टप्प्यावर असतो. फाइल स्वीकारल्यानंतर राउटर फ्लॅश मेमरीतील जुना मजकूर पुसतो आणि त्या जागी नवा लिहितो. हे काम साधारणतः २ ते ५ मिनिटांचे असते. त्या अवधीत वीज गेली तर जुने पुसलेले आणि नवे अपुरे, अशी त्रिशंकू अवस्था होते. महाग राउटरमध्ये फर्मवेअरच्या दोन प्रती ठेवण्याची सोय असते आणि एक बिघडली की दुसरीवरून तो सुरू होतो. स्वस्त राउटरमध्ये ही चैन नसते.

व्होल्टेज वरखाली होते म्हणून राउटर बिघडेल, अशी भीती ग्रामीण भागात पुष्कळ ऐकू येते. ॲडॉप्टरवरील छपाई पाहिली तर बहुधा १०० ते २४० व्होल्ट असा पल्ला दिलेला आढळेल. बल्ब मंद होण्याइतका दाब उतरला तरी ॲडॉप्टर आपले १२ किंवा ९ व्होल्ट देतच राहतो. घातक असते ते क्षणभर वीज जाणे. म्हणून अद्ययावतीकरणाचे काम वादळी पावसाच्या संध्याकाळी, भारनियमनाच्या वेळेच्या तोंडावर किंवा घरातील कोणाची ऑनलाइन परीक्षा चालू असताना करू नये. इन्व्हर्टर असल्यास राउटरचा प्लग त्यावर असल्याची खात्री करावी. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेताना त्याचे व्होल्टेज ॲडॉप्टरवरील आकड्याशी तंतोतंत जुळावे आणि ॲम्पिअर त्याहून कमी नसावेत. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टचा यूपीएस लावून राउटर जाळणे ही फर्मवेअरची चूक म्हणता येणार नाही.

शक्यतो लॅपटॉप केबलने राउटरला जोडावा. वायफायवरून फाइल देता येते, परंतु मध्येच मोबाइल दुसऱ्या जाळ्याकडे वळला तर फाइल अर्धवट राहते. लॅनच्या चार खाचांपैकी कोणतीही एक वापरावी. वेगळ्या रंगाची वॅनची खाच ओएनटीकडून येणाऱ्या तारेसाठी असते, तिला हात लावू नये. त्याआधी राउटरच्या पानांची मोबाइलने छायाचित्रे घ्यावीत. इंटरनेट जोडणीच्या पानावरील प्रकार, पीपीपीओई असल्यास वापरकर्ता नाव आणि व्हीलॅनचा आकडा ही त्यांतील मुख्य होत. पीपीपीओईचा परवलीचा शब्द पडद्यावर ठिपक्यांनी झाकलेला असतो, त्यामुळे तो केबलवाल्याकडून विचारून वहीत लिहून ठेवावा. रविवारी रात्री तो फोन उचलेलच असे नाही.

आता लेखन सुरू झाले आणि टक्केवारीची पट्टी ६० वर किंवा ९९ वर अडून बसली, असे समजू. येथे संयमाची कसोटी लागते. पुष्कळ राउटरांतील ही पट्टी प्रत्यक्ष काम मोजत नाही. ब्राउझरमध्ये चालणारे ते केवळ एक घड्याळ असते आणि राउटरच्या आत काय चालले आहे याची त्याला वार्ता नसते. लेखन पूर्ण होऊन राउटर पुन्हा सुरूही झालेला असतो, आणि पट्टी मात्र तशीच उभी असते. अशा वेळी प्लग ओढणे हीच ती चूक, जिच्यामुळे चांगले राउटर निकामी होतात. घड्याळ लावून १५ मिनिटे काहीही करू नये. त्यानंतर राउटरवरील दिवे पाहावेत. ते नेहमीच्या क्रमाने लागले असतील तर ब्राउझर बंद करून खासगी खिडकीत राउटरचा पत्ता पुन्हा टाकावा, कारण जुन्या पानाची साठवलेली प्रत समोर येऊन गोंधळ होतो. पत्ता बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ यांपैकी एक असतो. तो लेबलवर छापलेला असतो आणि इंग्रजी अंकांत टाकावा लागतो. अद्ययावतीकरणाने राउटर मूळ स्थितीत गेला असल्यास पूर्वी बदललेला पत्ताही मूळचाच झालेला असतो.

राउटर उठलाच नाही, तर

पंधरा मिनिटांनंतरही दिवे एकाच चक्रात लुकलुकत असतील, किंवा एकच दिवा स्थिर राहून वायफायचे नाव दिसत नसेल, तर प्लग काढून एक मिनिटाने पुन्हा लावावा. एवढ्यानेही भागले नाही तर राउटर चालू असताना रिसेटचे बारीक छिद्र टाचणीने १० सेकंद दाबून धरावे. सेटिंग पुसली जातील, परंतु नव्या फर्मवेअरशी न जुळणाऱ्या जुन्या सेटिंगमुळे अडखळलेला राउटर याने पुष्कळदा सुरू होतो.

यानंतरही राउटर मृतवत राहिला तरी तो फेकण्याची घाई करू नये. फर्मवेअरच्या आधी चालणारा ‘बूटलोडर’ नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो. नेहमीच्या अद्ययावतीकरणात त्याला सहसा हात लावला जात नाही, त्यामुळे फर्मवेअर नष्ट झाले तरी तो बहुधा शाबूत असतो आणि त्याच्या मदतीने नवे फर्मवेअर चढवता येते. ही वाट प्रत्येक कंपनीची वेगळी आहे. डी-लिंकच्या अनेक राउटरमध्ये रिसेट दाबून धरून वीज सुरू केली की १९२.१६८.०.१ या पत्त्यावर एक साधे आपत्कालीन पान उघडते आणि तेथे फाइल देता येते. त्यासाठी लॅपटॉपला १९२.१६८.०.२ हा पत्ता हाताने द्यावा लागतो, कारण या अवस्थेत राउटर पत्ते वाटत नाही. आसुसच्या राउटरमध्ये याच रीतीने बचाव स्थिती सुरू होते आणि वीजदिवा संथपणे लुकलुकू लागतो. मग कंपनीच्याच संकेतस्थळावरील पुनर्स्थापनेचा प्रोग्राम लॅपटॉपवर चालवायचा असतो. टीपी-लिंकच्या अनेक प्रतिमानांत गंमत उलटी आहे. तेथे राउटरच लॅपटॉपकडे फाइल मागायला येतो. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.६६ असा ठेवून त्यावर टीएफटीपी सर्व्हर चालवावा लागतो आणि फाइलचे नाव राउटरला अपेक्षित असते तेच द्यावे लागते. एका अक्षराचा फरक झाला तरी तो रिकाम्या हाताने परत जातो.

हे काम संगणकाची बऱ्यापैकी ओळख असलेल्या व्यक्तीनेच करावे. घरातील किंवा शेजारच्या आयटीआय वा पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्याला हाक मारली तर एखाद्या दुपारी ते होऊन जाते. हमीचा काळ शिल्लक असेल तर मात्र आधी कंपनीकडे जावे. अधिकृत फाइल चढवताना राउटर बंद पडला, हे स्पष्ट सांगावे आणि खरेदीची पावती दाखवावी. ओपनडब्ल्यूआरटीसारखे मुक्त फर्मवेअर चढवलेले असल्यास हमी नाकारली जाण्याची शक्यता असते. ओपनडब्ल्यूआरटी हे उत्तम सॉफ्टवेअर आहे, उत्पादकाने सोडून दिलेल्या राउटरलाही ते नवे आयुष्य देते. परंतु ४ एमबी फ्लॅशच्या जुन्या राउटरवर त्याच्या आजच्या आवृत्त्या मावत नाहीत, आणि घरातील एकमेव राउटरवर पहिला प्रयोग करणे शहाणपणाचे नव्हे.

अद्ययावतीकरण यशस्वी, पण काहीतरी बिघडले

तक्रारींचा मोठा वाटा याच प्रकारचा असतो. इंटरनेट येत नाही म्हणजे बहुधा पीपीपीओईचे तपशील पुसले गेलेले असतात. वहीत लिहून ठेवलेले येथे उपयोगी पडतात. आधी जतन करून ठेवलेली सेटिंगची फाइल नव्या आवृत्तीत परत चढवण्यापेक्षा सेटिंग हाताने भरणे अधिक सुरक्षित, कारण दोन आवृत्त्यांतील रचना जुळत नसेल तर नवेच दोष निर्माण होतात. वायफायचे नाव आणि परवलीचा शब्द पूर्वीचेच ठेवले तर घरातील सर्व मोबाइल आपोआप जोडले जातात. व्यवस्थापनाचा परवलीचा शब्द मात्र वेगळा आणि नवा असावा.

जुना मोबाइल, टीव्ही किंवा प्रिंटर जोडला जात नसेल तर सुरक्षेचा प्रकार पाहावा. नव्या फर्मवेअरने केवळ डब्ल्यूपीए३ निवडले असल्यास जुनी उपकरणे बाहेर राहतात. डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ यांचा मिश्र पर्याय निवडावा. शेतावरचा किंवा अंगणातला कॅमेरा बंद पडला असेल तर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्या एका नावाखाली एकत्र झाल्या आहेत का, ते तपासावे. स्वस्त कॅमेऱ्यांना केवळ २.४ ची पट्टी समजते आणि एकत्रित नावापुढे ते गोंधळतात. दोन्हींना वेगळी नावे दिली की प्रश्न मिटतो.

५ गिगाहर्ट्झचे नाव सुरुवातीला दिसतच नाही, अशीही एक तक्रार असते. काही वाहिन्या हवामान खात्याच्या व इतर रडारशी सामायिक आहेत. त्या वापरण्यापूर्वी राउटरला किमान ६० सेकंद शांत राहून रडारचा संकेत आहे का, हे ऐकावे लागते आणि काही वाहिन्यांवर हा अवधी १० मिनिटांचा असतो. तेवढ्या वेळात नाव उमटले नाही तर देशाची निवड ‘भारत’ अशी आहे का, ते पाहून ३६ ते ४८ यांपैकी एखादी वाहिनी निवडावी.

आपल्या राउटरसाठी शेवटचे फर्मवेअर कधी आले, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे. संकेतस्थळावर त्या प्रतिमानापुढे सेवा समाप्त झाल्याची नोंद असेल, तर पुढे सापडणाऱ्या त्रुटी बुजवायला कोणी येणार नाही. असा राउटर वायफायचे उत्तम काम देत असला तरी तो बदलण्याची तरतूद करावी. नवा घेताना उत्पादक किती वर्षे अद्ययावतीकरण देणार, हे दुकानदाराला विचारावे. जुना कोणाला देण्यापूर्वी किंवा भंगारात घालण्यापूर्वी रिसेटचे छिद्र दाबून त्यातील पीपीपीओई आणि वायफायचे तपशील पुसून टाकावेत.